शब्दचर्चा : ‘डंजन’ म्हणजे अंधारकोठडी का?

प्रश्न

किशोरांसाठीच्या एका इंग्रजी अद्भुतरम्य कादंबरीचा अनुवाद करते आहे. त्यात चौघं जण एका ‘डंजन’मध्ये उतरतात आणि पुढची शंभर पानं तिथेच फिरतात. कोशात ‘अंधारकोठडी’ सापडलं. पण कोठडीत चार माणसं शंभर पानं फिरणार कशी? ‘पार्टी’, ‘लेव्हल’ आणि ‘लिच’ हेही अडले आहेत. काय वापरावं?

प्रतिसाद

कोश बरोबर आहे आणि तुमची शंकाही रास्त आहे. फक्त तुमच्या कादंबरीतला शब्द कोशातून आलेला नाही, तो खेळाच्या टेबलावरून आला आहे.

१९७४ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या गावातून गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ बाहेर पडला. एका खोक्यात तीन पुस्तिका. सारीपाटासारखा ठरलेला पट नाही, शेवटी कोणी जिंकत नाही. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे एकेक पात्र होतात, आणि घाव बसला की हुकला हे फासे ठरवतात. या खेळातलं डंजन म्हणजे जमिनीखाली मजल्यांवर मजले असलेली, सापळ्यांनी, राक्षसांनी आणि सोन्यानं भरलेली अफाट जागा. कैदी असलाच तर कुठेतरी कोपऱ्यात.

मग हा खेळ खेळणारेच लेखक झाले. रेमंड फाइस्ट यांचं मिडकेमिया हे जग आधी सॅन दिएगोतल्या मित्रांच्या खेळात उभं राहिलं, ‘मॅजिशियन’ ही कादंबरी १९८२ साली आली. स्टीव्हन एरिकसन आणि इयान एसलमाँट यांनी आपल्या ‘मालाझन’ कादंबऱ्यांचं जग आधी खेळून घेतलं, मग लिहिलं. जपानात ‘रेकॉर्ड ऑफ लोडोस वॉर’ची सुरुवात तर १९८६ साली मासिकात छापलेल्या खेळाच्या बैठकींच्या वृत्तान्तानं झाली आणि कादंबऱ्या त्यातून निघाल्या. म्हणून अशा शब्दाशी अडलात की पुस्तकाचं साल बघा. १९७४च्या आधीचं असेल तर अंधारकोठडी बहुधा चालेल. नंतरचं असेल तर थांबा, आधी प्रसंग नीट वाचा.

या शब्दाचा प्रवास मला फार आवडतो. मूळ जुना फ्रेंच शब्द ‘दोंजों’, त्याच्या मुळाशी लॅटिनमधला ‘धनी’ या अर्थाचा शब्द. दोंजों म्हणजे गढीतला सर्वांत उंच, मजबूत बुरूज, धन्याची शेवटची आसऱ्याची जागा. म्हणजे आपला बालेकिल्लाच की! ‘बाला’ म्हणजे फारसीत वरचा. इंग्रजीत हा शब्द बुरुजावरून घसरत तळाच्या कोठडीत गेला, आणि खेळानं त्या कोठडीच्या भिंती पाडून तिची पाताळनगरी केली. फ्रेंचमध्ये मात्र दोंजों अजूनही बुरूजच आहे आणि खेळाचं फ्रेंच नाव ‘दोंजों ए द्रागों’. तिथली मुलं शब्दानं बुरुजावर चढतात आणि गोष्टीत तळाशी उतरतात.

दुसरा प्रतिसाद

इतका विचार कशाला? ‘भुयार’ म्हणा. आपल्याकडे प्रत्येक किल्ल्याला एक भुयार असतंच.

प्रतिसाद

भुयाराला दोन तोंडं असतात. गडावरून निघतं आणि खालच्या देवळात उघडतं, हे गावात कोणीही सांगेल. भुयार हा जाण्यायेण्याचा रस्ता आहे. डंजनमध्ये मात्र माणूस मुद्दाम शिरतो आणि जमलं तर आला त्याच वाटेनं परततो. तळघर म्हटलं की धान्याची कणगी आठवते.

अर्थानं सर्वांत जवळचा शब्द हिंदीतला आहे, देवकीनंदन खत्रींच्या कादंबऱ्यांतला ‘तिलिस्म’. कोणीतरी बुद्धी लढवून बांधलेली, खजिना पोटात घेऊन बसलेली, कळा आणि सापळे असलेली जागा. ती ‘तोडायची’ असते. पण आजच्या बारा वर्षांच्या मराठी मुलाला तिलिस्म समजावून सांगावा लागेल आणि डंजन त्याला आधीच ठाऊक आहे. मी डंजनच ठेवीन.

‘पार्टी’ म्हणजे मिळून मोहिमेला निघालेली मंडळी, त्यासाठी मी ‘टोळी’ सुचवते. चमू शाळेच्या स्नेहसंमेलनातला वाटतो, पथक सरकारी. टोळीला दरोड्याचा वास आहे, आणि तो इथे हवाच. खेळाच्या सुरुवातीच्या नियमांत अनुभवाचे गुण राक्षस मारून मिळत, पण त्याहून जास्त खजिना बाहेर आणल्यावर मिळत. सोन्याच्या एका नाण्याला एक गुण. दुसऱ्याच्या घरात शिरून सोनं आणणाऱ्या चार जणांना मराठीत टोळीच म्हणतात. ज्या जुन्या कादंबऱ्यांत सोबती एखादं व्रत घेऊन निघतात, तिथे मी टोळी लिहिणार नाही.

‘लेव्हल’ सोडवायला माझी भाची उपयोगी पडली. ठाण्याला तिच्या घरी रविवारी जेवणाच्या टेबलावर चौकटींचा कागद पसरलेला असतो. त्यावर पेन्सिलीनं काढलेल्या खोल्या, खोडरबराचा चुरा, आणि वीस बाजूंचा एक निळा फासा, ज्याचे आकडे झिजलेत म्हणून तिनं ते पांढऱ्या पेननं पुन्हा भरलेत. परवा ती ओरडली, “अगं, मी तिसऱ्या लेव्हलची आहे, आपण चौथ्या लेव्हलवर कशाला जातोय?” एका वाक्यात दोन लेव्हल. पहिली तिच्या पात्राची तयारी, दुसरी डंजनचा मजला. जितकं खाली जाल तितके राक्षस भारी, म्हणून दोन्ही मोजमापांना एकच शब्द चिकटला. शिवाय मंत्रांचीही लेव्हल असते, ती वेगळीच. मराठीत हे सुटं करता येतं, मग करावं. जागेसाठी ‘मजला’, मंत्रासाठी ‘प्रत’, आणि पात्रासाठी ‘लेव्हल’च राहू द्या, कारण ‘माझी लेव्हल वाढली’ हे आता मुलांचं मराठी आहे.

प्रश्नकर्ती

टोळी पटली. बालेकिल्ल्याचं वाचून तर खूप आनंद झाला. पण लिच राहिला. मी सध्या ‘समंध’ लिहिलं आहे.

प्रतिसाद

समंध नको, आणि का नको ते सांगते. समंधाची इच्छा अपुरी राहिलेली असते, म्हणून तो अडकतो. मुंजा सोडमुंजीआधी गेलेला, हडळ बाळंतपणात गेलेली. आपल्या भुतांमागे एकेक दुःख असतं, कोणी हौसेनं भूत होत नाही. लिच हौसेनं होतो. तो मोठा जादूगार असतो, मरायचं नाही असं ठरवतो आणि आपला जीव काढून एका डबीत ठेवतो. डबी फुटेपर्यंत त्याला मरण नाही.

जुन्या इंग्रजीत हा शब्द नुसत्या मृतदेहासाठी होता. चर्चच्या आवाराला छप्पर असलेलं एक दार असतं, तिथे शवपेटी क्षणभर टेकवायची, त्याला आजही ‘लिचगेट’ म्हणतात. जुन्या भयकथांतही लिच म्हणजे मढंच. या मढ्याला राजासारखं सिंहासनावर बसवलं ते खेळानं. १९७५च्या ‘ग्रेहॉक’ या पुरवणीत तो आला, आणि आता खेळाशी संबंध नसलेल्या कादंबऱ्यांतही लिच म्हटलं की जीव दडवून ठेवलेला जादूगारच.

आपल्या ‘प्रेत’ शब्दाची चाल नेमकी उलटी. संस्कृतात ‘प्रेत’ म्हणजे निघून गेलेला, आणि क्रिया होईपर्यंत भटकणारा त्याचा आत्माही. हिंदीत प्रेत अजून भूतच आहे. मराठीत ते तिरडीवर आलं, देह झालं, जुना अर्थ ‘भूतप्रेत’ या जोडीत तेवढा उरला. लिच देहाचा भूत झाला आणि प्रेत भुताचं देह झालं. त्यामुळे ‘प्रेतराज’ वगैरे केलंत तर वाचकाला स्मशान दिसेल, जादूगार दिसणार नाही.

मात्र जीव डबीत ठेवण्याची युक्ती मराठी मुलांना आजीनं सांगितलेली आहे. सात समुद्रांपलीकडे बेट, बेटावर झाड, झाडाला पिंजरा, पिंजऱ्यात पोपट आणि पोपटात राक्षसाचा जीव. पोपटाची मान पिरगाळली की राक्षस कोसळला. तुमच्या लिचची डबी म्हणजे तो पोपटच. तेव्हा नाव ‘लिच’ राहू द्या, आणि तो पहिल्यांदा येतो तिथे ‘ज्यानं आपला जीव डबीत दडवला होता तो लिच’ एवढं घाला. तळटीप लागणार नाही.

प्रश्नकर्ती

मग पहिलं वाक्य असं करते: ‘मशाल पेटवून टोळी डंजनच्या पहिल्या मजल्यावर उतरली.’ फक्त एक सांगा, तो डंजन की ते डंजन?

प्रतिसाद

वाक्य छान झालंय. भाचीला आत्ताच फोन करून विचारलं. ती आणि तिच्या मैत्रिणी ‘ते डंजन’ म्हणतात, अनेकवचनी ‘डंजनं’. तेच घ्या.