कॅटफिशसाठी बेटकास्टिंग रील घ्यायचंय, कुठलं घेऊ आणि लाईन मोनो की ब्रेडेड?

पाणीकाठ_२२

नमस्कार मंडळी, तीन-चार वर्षं स्पिनिंग रीलवरच मासेमारी करतोय, छोट्या माशांना काही अडचण येत नाही. पण मागच्या महिन्यात रात्री एक मोठा कॅटफिश लागला आणि रीलचा ड्रॅग (मासा जोरात ओढतो तेव्हा लाईन आवरत सोडणारा ब्रेक) अडकत अडकत सुटायला लागला, म्हणजे थोडी लाईन जायची, मग गच्च बसायचा, मग परत एकदम झटक्यात जायची, आणि असाच एकदा गच्च बसला तेव्हा लाईन तुटली. त्याआधी मासा एकदा वर आला होता. टॉर्चच्या उजेडात डोकं दिसलं, माझे दोन्ही पंजे शेजारी शेजारी ठेवले तर जेवढे रुंद होतील तेवढं. ते डोकं अजून डोळ्यांसमोरून हलत नाहीये.

तर आता बेटकास्टर घ्यायचं पक्कं केलंय. रॉड सात फुटी, मिडियम हेवी, तो आहे. काठावरूनच टाकतो, पाण्याला ओढ बरीच आहे त्यामुळे ८० ते १०० ग्रॅम शिसं लागतं, तळाला दगड आणि बुडालेली झाडं. मासे साधारण ३ ते १० किलो, कधीतरी त्याहून मोठा. लो प्रोफाइल (चपटं) घेऊ की ते जुन्या पद्धतीचं गोल? गिअर ७:१ वालं (हँडलच्या एका फेऱ्याला स्पूलचे सात फेरे) चांगलं की ५:१? कोणी १० बेअरिंग म्हणतं कोणी ४ पुरे म्हणतं. आणि लाईनचं तर, मोनो (एकसंध नायलॉनची) की ब्रेडेड (बारीक धागे विणलेली), डोकंच चालत नाहीये, कृपया सविस्तर सांगा.

रात्रीचा_गळ

मासा गेला त्याचं वाईट वाटलं. पण ड्रॅगने दगा दिला हे तुझ्या लक्षात आलं ना, मग अर्धं उत्तर तुझ्याकडेच आहे. कॅटफिशचं रील निवडताना पहिला ड्रॅग, मग स्पूलमध्ये (लाईन गुंडाळायच्या चकरीत) लाईन किती मावते, मग क्लिकर (लाईन गेली की कटकट वाजणारा खटका). बेअरिंग किती ते सगळ्यात शेवटी बघ. बेअरिंगने फेक थोडी सुळकन जाते एवढंच, आणि तू १०० ग्रॅम शिसं फेकणार, ते ४ बेअरिंगवर पण जातंच.

गोल रील घे. लो प्रोफाइल हातात छान बसतं पण ते मुळात दिवसभर ल्युअर (नकली आमिष) फेकत राहायला बनवलेलं असतं, बहुतेकांचा स्पूल लहान, आणि क्लिकर बऱ्याच मॉडेलना नसतोच. मोठ्या मापाची लो प्रोफाइल मिळतात, वाईट नाहीत, पण आमिष तळाला टाकून वाट बघायची असेल तर गोलच बरं. अबू गार्सियाचं अँबॅसडर ६५०० किंवा थोडं मोठं ७०००, पेनचं स्क्वॉल लेव्हलविंडवालं (लाईन स्पूलवर सारखी पसरवणारी सोय असलेलं), ओकुमाचं कोल्ड वॉटर, अशी रिलं कॅटफिशवाले वर्षानुवर्षं वापरतायत. तुझ्या माशांना ६५०० च्या मापाचं पुरेल. डाव्या हाताने हँडल फिरवायची सवय असेल तर आकडा नीट बघून घे, अँबॅसडरमध्ये ६५०० म्हणजे उजवं आणि ६५०१ म्हणजे डावं, स्पिनिंगवरून येणारे बरेच जण इथे चुकतात.

गिअर ५:१ च्या आसपास ठेव. भरलेल्या स्पूलवर लाईनच्या थराचा व्यास ४० मिमी धरला तर ५.३:१ ला हँडलच्या एका फेऱ्यात साधारण ६५ सेंमी लाईन आत येते, भरपूर झाली. ७:१ ला जास्त येते पण तळातून जड मासा उचलताना हँडल फिरता फिरत नाही, मनगट भरून येतं.

आता ड्रॅगबद्दल एक गोष्ट, जी मला फार उशिरा कळली. ड्रॅग तू भरलेल्या स्पूलवर सेट करतोस, पण मासा लाईन घेऊन गेला की स्पूलवरचा लाईनचा थर बारीक होत जातो. थराचा व्यास अर्ध्यावर आला की नॉबला हात न लावता ड्रॅग दुप्पट होतो. ३ किलोवर लावलेला ६ किलोचा झाला की गाठ बोलायला लागते. म्हणून एक तर मोठा स्पूल घ्यायचा आणि काठोकाठ भरायचा (कडेपासून २-३ मिमी खाली), आणि मासा लांब गेला तर ड्रॅग थोडा सैल करायचा, घट्ट नाही. आपला हात उलटाच जातो त्या वेळी. सेट करताना ताणकाटा लाईनला लावून ओढून बघ, लाईनच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश. ओढताना काटा एका जागी थांबायला हवा. उड्या मारत असेल तर तुझ्या त्या रात्रीसारखंच होणार, असलं रील घेऊच नको.

गाठ_मारली_का

वरच्या दादांनी रीलचं सांगितलं, मी लाईनवर बोलतो. माझं मत ब्रेडेड, ६५ पाउंड, पुढे मोनोचा लीडर (गळाकडचा वेगळा तुकडा). ६५ पाउंड ऐकून घाबरू नको, जाडीला ती साधारण १६ पाउंडच्या मोनोएवढीच असते. ओढीच्या पाण्यात बारीक लाईनचा फायदा म्हणजे पाणी तिला कमी ढकलतं, जिथे मोनोला १०० ग्रॅम शिसं लागतं तिथे ७०-८० वर भागतं. आणि ती जवळजवळ लांबतच नाही, मासा आमिषाला नुसता धक्का देऊन गेला तरी टोकावर कळतं.

जाडीचा हिशोब एकदा करून बघ. स्पूलमध्ये लाईन किती मावेल ते जाडीच्या वर्गावर जातं. ज्या रीलमध्ये ०.३५ मिमीची २०० मीटर मावते त्यात ०.५० मिमीची ९८ च मावणार.

पण ब्रेडेड घेणार असशील तर हे पाळच. स्पूलवर आधी मोनोचे दहा-बारा वेढे घाल आणि मग ब्रेडेड बांध, नाहीतर सगळी लाईन गुळगुळीत स्पूलवर गोल फिरते आणि तुला वाटतं ड्रॅगच गेला. भरताना ओल्या फडक्यात धरून ताणून भर. सैल भरली तर मोठ्या माशाच्या ओढीने वरचा वेढा खालच्या थरात रुततो आणि पुढची फेक तिथेच अडकून शिसं तुटून उडतं. गाठ पालोमार, साधी क्लिंच ब्रेडेडवर सरकते. आणि तळात अडकली तर हाताला गुंडाळून ओढायची नाही, कधीच नाही, माझ्या करंगळीवर अजून पांढरी रेघ आहे. जाड काठीला चार वेढे घे आणि मागे चालत जा.

लीडर ४० पाउंड मोनो, दोन फूट, मध्ये स्विव्हल (फिरती कडी). मुद्दाम मुख्य लाईनपेक्षा कमी ताकदीचा ठेवायचा म्हणजे अडकलं तर लीडर तुटतो आणि नदीत शंभर मीटर ब्रेडेड सोडून यावं लागत नाही. पाण्यात राहिलेली लाईन कासवांच्या, पक्ष्यांच्या पायात जाते, ते बघवत नाही.

तळातला_दगड

माझं मत वेगळं आहे. प्रश्नात दगड लिहिलेत आणि पहिल्यांदाच बेटकास्टर हातात घेतोय, अशा माणसाला मी सरळ ब्रेडेड सांगणार नाही. ताणलेली ब्रेडेड दगडाच्या धारेवर एकदा घासली की संपली. मी दोन चांगले मासे असेच घालवलेत, दोन्ही वेळेला लीडर शाबूत आणि वरची ब्रेडेड पिंजारलेली. लीडर दोन फुटांचा असतो रे, मासा दगडामागे शिरला की दहा-पंधरा फूट लाईन घासते.

२५ किंवा ३० पाउंड मोनो भर. जाड आहे, कमी मावते, मान्य, पण काठावरून ५०-६० मीटरच्या पुढे टाकतोय कोण. ताणली जाते म्हणून माशाच्या झटक्याला गादीसारखी काम करते, ड्रॅग जरा उशिरा सुटला तरी सांभाळून घेते. आणि सर्कल गळ (टोक आत वळलेला) वापरत असशील तर तसाही झटका द्यायचा नसतो, मासा वळून निघाला की नुसतं हँडल फिरवत लाईन ताणायची, गळ आपोआप ओठाच्या कोपऱ्यात बसतो. मग ब्रेडेड लांबत नाही याचा फायदा उरला किती? ओढ फारच असेल आणि तळ मऊ गाळाचा असेल तर मी पण ब्रेडेडच म्हणेन.

फक्त मोनो दर हंगामाला बदलायची, उन्हाने नायलॉन कमकुवत होतं. बोटांच्या चिमटीतून शेवटचे पाच मीटर ओढून बघ, खरखर लागली की तेवढी कापून टाक, प्रत्येक माशानंतर.

पाणीकाठ_२२

खूप खूप धन्यवाद सगळ्यांना, ड्रॅग आपोआप दुप्पट होतो हे मला माहीतच नव्हतं, त्या रात्री मासा बराच लांब गेला होता आणि मी नॉब अजून आवळत होतो!! आता कळलं.

तळ तर दगडांचाच आहे, म्हणजे आधी मोनो ३० पाउंड भरतो. अजून एक विचारायचं होतं, बेटकास्टरमध्ये लाईनचा गुंता होतो म्हणतात त्याची भीती वाटतेय, रात्री अंधारात झाला तर काय करायचं? आणि क्लिकर नक्की वापरायचा कसा?

रात्रीचा_गळ

गुंता का होतो ते समजलं की भीती जाते. स्पिनिंगमध्ये स्पूल स्थिर असतो, इथे स्पूलच फिरतो. हवेत शिसं मंदावलं किंवा पाण्यावर आपटलं तरी स्पूल त्याच वेगात फिरत राहतो आणि नको तेवढी लाईन बाहेर काढतो. उपाय अंगठा. शिसं पाण्याला टेकायच्या क्षणी अंगठा स्पूलवर दाबलेला पाहिजे. बाजूचा छोटा नॉब असा लाव की स्पूल मोकळा करायचं बटण दाबल्यावर शिसं हळूहळू खाली यावं आणि जमिनीला टेकल्यावर स्पूल थांबावा. पहिले काही दिवस दिवसाउजेडी नुसतं शिसं बांधून मोकळ्या मैदानात फेक, झटका मारून नाही, रॉड मोठ्या गोलाईत सावकाश फिरवत. आणि पाण्यावर ज्या दिशेने टाकायचंय तिकडून वारा तोंडावर येत असेल तर फेकताना स्पूलचा वेग आवरणारा ब्रेक एक घर वाढव.

झालाच गुंता तर ओढाओढ करू नको. स्पूलवर अंगठा घट्ट दाबून हँडल दोन-तीन फेरे फिरव, मग बटण दाबून लाईन हळू ओढ, बऱ्याचदा सरळ होऊन येते.

क्लिकरचं असं, आमिष तळाला बसलं की लाईन ताणून घ्यायची, क्लिकर चालू करायचा आणि मग बटण दाबून स्पूल मोकळा सोडायचा, क्लिकरचा अडसर एवढाच की ओढीने लाईन सुटत नाही पण माशाने नेली तर कटकट ऐकू येते. एखादा कट वाजून थांबला तर हात लावू नको. लागोपाठ कर्रर्र सुरू झालं की रॉड हातात घे, अंगठा स्पूलवर ठेव, हँडल फिरवून गिअर लाव, क्लिकर बंद कर, आणि मग ताण घे. हा क्रम घरी दहा वेळा डोळे मिटून करून बघ.

गाठ_मारली_का

मोनो तर मोनो, दगडांच्या बाबतीत तळातल्या दादांचं मी पण मानतो. नदीवरून आल्यावर रील ओल्या फडक्याने पूस, नळाची जोरदार धार मारू नको, गाळ आत जातो. लेव्हलविंडचा आटेवाला दांडा जुन्या टूथब्रशने साफ करून एक थेंब तेल. आणि ठेवताना ड्रॅग पूर्ण सैल कर, आवळलेला ठेवला की आतल्या चकत्या दबून चिकटतात आणि मग तेच अडकत अडकत सुटणं. तुझं स्पिनिंग रील पण एकदा उघडून बघ, बहुतेक हेच झालं असणार त्याला.

पाणीकाठ_२२

आत्ताच बघितलं. ड्रॅग पूर्ण आवळलेलाच होता, गेल्या हंगामापासून तसाच. उघडल्यावर चकत्या एकमेकींना चिकटलेल्या, नखाने सोडवाव्या लागल्या.