स्प्रिंट कार शर्यतीतील महिला चालक : नियम समान असले, तरी सुरक्षा समान आहे का?

इंडियानाकर (चर्चाप्रस्ताव)

अमेरिकेतील मातीच्या लंबवर्तुळाकार ट्रॅकवर होणाऱ्या स्प्रिंट कार शर्यती आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिल्या असतील, म्हणून आधी थोडी ओळख करून देतो. चालकासह साधारण १,४०० पौंड वजनाच्या गाडीत ४१० घनइंचांचे, मिथेनॉलवर चालणारे, सुमारे ९०० अश्वशक्तीचे इंजिन बसवलेले असते. गाडीला क्लच नसतो आणि स्टार्टरही नसतो, त्यामुळे ती मागून दुसऱ्या वाहनाने ढकलूनच सुरू करावी लागते. चालकाच्या डोक्यावर २५ चौरस फुटांचा पंख असतो आणि इंजिनाची शक्ती मागच्या चाकांकडे नेणारा दांडा त्याच्या दोन पायांच्या मधून जातो. चाके उघडी असल्यामुळे एकाचे चाक दुसऱ्याच्या चाकावर चढले, की गाडी हवेत उडून कोलांट्या खाते.

या खेळात स्त्रियांसाठी वेगळा गट नाही आणि तो नसावा असेच माझे मत आहे. एरिन क्रॉकर हिने २००४ मध्ये कॅलिफोर्नियातील ट्युलेरी येथे वर्ल्ड ऑफ आउटलॉज मालिकेतील मुख्य शर्यत जिंकली, तेव्हा त्या मालिकेत असा विजय मिळवणारी ती पहिली स्त्री ठरली. २०१५ मध्ये मकेना हासे ही आयोवातील नॉक्सव्हिल रेसवेवर स्प्रिंट कारची शर्यत जिंकणारी पहिली स्त्री झाली. प्रश्न कर्तृत्वाचा नाही, तो सुरक्षासाधनांच्या मापाचा आहे. शर्यतीपूर्वीच्या तपासणीत निरीक्षक आसनाच्या सुरक्षापट्ट्यावरची प्रमाणपत्राची चिठ्ठी उलटून तिच्यावरील महिना आणि वर्ष वाचतो, हेल्मेटवरील चिठ्ठी पाहतो आणि गाडी पुढे पाठवतो. तोच पट्टा त्या विशिष्ट मुलीच्या कमरेच्या हाडावर टेकतो की घसरून पोटावर येतो, हे पाहण्याची सक्ती त्याच्यावर नसते. जुनी गाडी विकत घेतली, की पुष्कळदा आसनही तिच्याबरोबरच येते आणि ते आधीच्या मालकाच्या खांद्यांच्या मापाचे असते. मग उरलेली फट साध्या फोमने भरली जाते. धडकेत तो फोम दबतो आणि घट्ट आवळलेला पट्टा नेमका हवा तेव्हा सैल पडतो. म्हणून महिला चालकांच्या बाबतीत आसन, पट्टे आणि मानेचा आधार प्रत्यक्ष अंगावर तपासण्याचा नियम आयोजकांनी करावा, असे मी सुचवतो.

वासंती

इंडियानाकर, तुमची कळकळ समजते, पण ‘महिला चालकांच्या बाबतीत’ हे तीन शब्द मला मान्य नाहीत. मोटार शर्यतींच्या इतिहासात सुरक्षेचे कारण स्त्रियांना आत आणण्यासाठी फारसे वापरले गेलेले नाही, ते बाहेर ठेवण्यासाठीच वापरले गेले. तुम्ही ज्या राज्यात राहता, तिथल्याच इंडियानापोलिसच्या ट्रॅकवर १९७० चे दशक उजाडेपर्यंत स्त्रियांना पिटमध्ये, म्हणजे गाड्यांची तयारी व दुरुस्ती होते त्या जागेत, पाऊलही ठेवता येत नव्हते. १९७६ मध्ये जॅनेट गथ्री तिथे उतरली, तेव्हा स्त्रीच्या अंगात तेवढी ताकद नसते आणि ती इतरांचा जीव धोक्यात घालील, असे काही चालक उघडपणे म्हणत होते. पुढच्याच वर्षी, १९७७ मध्ये, ती तिथल्या इंडियानापोलिस ५०० या प्रसिद्ध शर्यतीसाठी पात्र ठरली.

या खेळाने गेल्या काही वर्षांत कोणाचे बळी घेतले, तेही पाहावे. जेसन लेफ्लर २०१३ मध्ये मानेला झालेल्या आघाताने गेला. केव्हिन वॉर्ड धाकटा २०१४ मध्ये, वयाच्या अवघ्या विसाव्या वर्षी, बंद पडलेल्या गाडीतून उतरून ट्रॅकवर चालत आला असताना दुसऱ्या गाडीखाली सापडला. जेसन जॉन्सन आणि ग्रेग हॉडनेट हे दोघे २०१८ मध्ये काही महिन्यांच्या अंतराने गेले. हे सारे पुरुष होते. कठडे, कुंपणे आणि ट्रॅकवर उतरण्यासंबंधीची शिस्त यांच्यावर बोलण्याऐवजी आपण स्त्रीच्या शरीरावर का बोलत आहोत, हे मला समजत नाही.

मोटारवेडा

वासंतीताई, शरीरातील फरक नाकारून तो नाहीसा होत नाही. व्हर्जिनिया विद्यापीठातील संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, रस्त्यावरील अपघातांत पट्टा लावलेल्या स्त्री चालकांना गंभीर इजा होण्याची शक्यता पट्टा लावलेल्या पुरुषांपेक्षा ४७ टक्क्यांनी अधिक आढळली. ९०० अश्वशक्तीच्या गाडीत हा फरक अधिकच जड जाईल, असे मला वाटते. म्हणून मुलींना कमी शक्तीच्या ३०५ किंवा ३६० घनइंचांच्या वर्गात ठराविक काळ घालवल्यावरच ४१० च्या वर्गात प्रवेश मिळावा. हा अपमान समजू नये. कोणाच्या घरची मुलगी त्या पिंजऱ्यात बसणार आहे, हे लक्षात ठेवूनच मी हे लिहीत आहे.

वासंती

मोटारवेडा, तो अभ्यास साध्या मोटारींचा आहे. त्या मोटारींच्या धडक-चाचण्यांत दीर्घकाळ मुख्यतः सरासरी पुरुषाच्या मापाचा, सुमारे ७८ किलो वजनाचा पुतळा वापरला गेला आणि स्त्रीचा म्हणून जो पुतळा होता तोही पुरुषाचाच आकार लहान करून बनवलेला होता. तेव्हा ही आकडेवारी स्त्रीचे दौर्बल्य जितके सांगते, त्याहून अधिक आरेखनातील दुर्लक्ष सांगते. ताकदीचे म्हणाल, तर आजच्या स्प्रिंट कारला पॉवर स्टीअरिंग असते. खालच्या वर्गातला अनुभव आवश्यक वाटत असेल, तर तो अठरा वर्षांच्या मुलालाही तितकाच आवश्यक आहे. ‘घरची मुलगी’ म्हणून तुम्ही जी काळजी व्यक्त करता, ती घरच्या मुलाच्या वाट्याला का येऊ नये?

इंडियानाकर

मोटारवेडा, प्रवेशावर मर्यादा घालण्याच्या तुमच्या सूचनेला माझा स्पष्ट विरोध आहे. वासंतीताईंना मात्र एवढेच विचारतो, की सर्वांना एकच नियम लावून जर त्यातून एका गटाला कमी संरक्षण मिळत असेल, तर ती समानता कागदावरच राहते ना? मानेच्या आधाराचेच उदाहरण घ्या. ते साधन मानेच्या घेरानुसार निरनिराळ्या मापांत मिळते आणि खांद्याचे पट्टे त्याच्या दोन्ही बाहूंवरून जावे लागतात. अरुंद खांद्यांवर मोठे माप चढवले, तर पट्टा बाजूला घसरू शकतो आणि मग त्या साधनाचा उपयोगच उरत नाही. सडपातळ मुलांनाही हे लागू आहे हे मान्य, म्हणून नियम सर्वांना लावायला माझी हरकत नाही. पण निरीक्षकांच्या प्रशिक्षणात स्त्रियांच्या शरीररचनेचा उल्लेख स्वतंत्रपणे यायलाच हवा. तो वगळला, की ‘सर्वांसाठी’ याचा अर्थ व्यवहारात पुन्हा त्या सरासरी पुरुषासाठी असाच होतो.

धावपट्टी

मी स्वतः फिजिओथेरपिस्ट आहे आणि गाड्यांपेक्षा मणक्यांशी माझा संबंध अधिक, म्हणून एकच व्यावहारिक मुद्दा मांडते. खेळाडूच्या शरीराभोवती ओतून त्याच्याच शरीराचा आकार घेणारे आणि धक्का शोषणारे आसन-अस्तर उपलब्ध आहे. साध्या फोमऐवजी ते सक्तीचे केले, तर या चर्चेतील निम्मा वाद मिटेल. त्याचा खर्च गावातल्या छोट्या संघाला जड वाटेल, पण हजारो डॉलरच्या इंजिनापुढे तो किरकोळ आहे.

उरला प्रश्न तपासणीचा. कमरेचा पट्टा हाडावर बसला आहे की नाही, हे नुसत्या नजरेने कळत नाही, त्यासाठी हात लावून पाहावे लागते. शर्यतीत उतरणाऱ्या मुली पुष्कळदा शाळकरी वयाच्या असतात. अनोळखी पुरुष निरीक्षकाने, पिटमध्ये सगळ्यांच्या देखत, ही तपासणी करणे त्या मुलीला आणि त्या निरीक्षकालाही अवघड वाटेल आणि मग ती उरकली जाईल. इंडियानाकर, तुमच्या प्रस्तावात महिला निरीक्षकाची तरतूद हे पहिले कलम असायला हवे.

वासंती

धावपट्टी, या कलमाला माझा पूर्ण पाठिंबा आहे. नियम सर्व चालकांसाठी एकाच शब्दांत लिहिला जावा, ही माझी अट मात्र कायम आहे.