जो जॅक्सनला कूपरस्टाउनमध्ये जागा द्यावी का?

लेफ्ट फील्ड (धागाकर्ता)

१९१९च्या वर्ल्ड सिरीजमध्ये शिकागो व्हाइट सॉक्सच्या आठ खेळाडूंवर (त्यांतलाच एक जो जॅक्सन) ठपका आला, की त्यांनी सट्टेबाजांशी संगनमत करून मालिका सिनसिनाटी रेड्सला सोडली. ऑगस्ट १९२१मध्ये खेळाचे प्रमुख (कमिशनर) लँडिस यांनी आठही जणांना बेसबॉलमधून कायमचं बाहेर काढलं. मे २०२५मध्ये आताचे कमिशनर रॉब मॅनफ्रेड यांनी मृत खेळाडूंची नावं अपात्रांच्या यादीतून काढली. त्यामुळे डिसेंबर २०२७मध्ये हॉल ऑफ फेमच्या (कूपरस्टाउनमधल्या बेसबॉलच्या सन्मानदालनाच्या) १६ जणांच्या समितीपुढे जॅक्सनचं नाव येऊ शकतं. निवडीला १२ मतं लागतात. माझ्या मते ती मिळू नयेत.

त्याच्या बाजूने बोलणारे लगेच त्या मालिकेचे आकडे काढतात. ३२ संधींपैकी १२ हिट (बेस गाठून देणारे फटके), सरासरी .३७५, दोन्ही संघांत मिळून एकमेव होम रन, आणि एकही एरर (क्षेत्ररक्षणातली चूक) नाही. हेच आकडे सामन्यागणिक सुटे करून बघा. पहिल्या पाचपैकी शिकागो चार सामने हरलं: पहिला, दुसरा, चौथा, पाचवा. त्या चारांत जॅक्सन १६पैकी ४. पहिल्या पाच सामन्यांत त्याच्या नावावर एकही आरबीआय (स्वतःच्या फटक्याने निघालेली धाव) नाही, सहाच्या सहा शेवटच्या तीन सामन्यांतले. होम रन आला तो आठव्या सामन्यात, तिसऱ्या इनिंगला, रेड्स ५-० पुढे असताना. या सरासरीवरून कुणी प्रामाणिक ठरत नाही.

आकडेमोड

पूर्ण असहमत. १६ बॅटिंगच्या संधींवरून कुणाची नियत ठरवता येत नाही. त्याच संघातला एडी कॉलिन्स बघा. त्याच्या सचोटीवर आजवर कुणी बोट ठेवलेलं नाही. त्याची मालिकेतली कामगिरी ३१पैकी ७, म्हणजे .२२६. तुमची फूटपट्टी लावली तर कॉलिन्स चोर आणि जॅक्सन साव ठरेल. पाचव्या सामन्यात रेड्सचा पिचर (चेंडू फेकणारा) हॉड एलर याने लागोपाठ सहा जणांना स्ट्राइक आउट केलं आणि अख्ख्या शिकागोला मिळून तीन हिट दिले. त्या दिवशी जॅक्सनची बॅट गप्प राहिली यात वेगळं काय?

मुळात बेसबॉलमध्ये सामना सोडायचा तर तो पिचरच्या हातून सुटतो. बॅटरला चार-पाच संधी मिळतात आणि चांगला बॅटरही त्यातल्या बहुतेक वाया घालवतो. चेंडू मात्र दर खेपेला पिचरच्याच हातात. ठपका आलेल्या आठांपैकीच एक पिचर लेफ्टी विल्यम्सने १९१९च्या हंगामात २९७ इनिंगमध्ये फक्त ५८ वॉक (चार वाईट चेंडूंवर बॅटरला मिळणारा फुकटचा बेस) दिले होते, म्हणजे नऊ इनिंगला दोनही नाहीत. दुसऱ्या सामन्यात त्याने एकट्या चौथ्या इनिंगमध्ये तीन दिले. तीन वॉक, एक सिंगल (एक बेस देणारा हिट), रेड्सच्या कॉफचा ट्रिपल (तीन बेस), आणि तीन धावा. रेड्सना त्या दिवशी एकूण हिट चारच मिळाले, शिकागोला दहा, तरी सामना ४-२ने रेड्सचा. चेंडू होम प्लेटच्या (बॅटरसमोरच्या पाटीच्या) कडेपासून जरासा बाहेर ठेवला की काम झालं. स्टँडमधल्या माणसाला ते कधीच कळणार नाही.

चौथ्या सामन्याची पाचवी इनिंग बघा. रेड्सच्या डंकनचा फटका सरळ सिकॉटकडे, आठांपैकीच दुसऱ्या पिचरकडे. सिकॉटचा फर्स्ट बेसकडचा थ्रो भरकटला, डंकन सेकंडवर. मग कॉफचा सिंगल लेफ्ट फील्डला, जॅक्सनकडे. जॅक्सनने चेंडू होम प्लेटकडे फेकला. सिकॉटने तो मध्येच अडवायला हात घातला, चेंडू सुटला आणि डंकन घरी (होम प्लेटला) पोचला, म्हणजे धाव झाली. एकाच इनिंगमध्ये पिचरचे दोन एरर, सामना ०-२ गेला. ज्याला हरायचंय तो असा थ्रो करेल का?

साक्षीपुरावा

त्याच इनिंगमधला पुढचा फटका तुम्ही वगळलात. नीलचा डबल जॅक्सनच्या डोक्यावरून गेला आणि कॉफ घरी आला. पण मी त्यावर भर देणार नाही, कारण मैदानावरून हा वाद कधीच मिटायचा नाही. कागद बघा. २८ सप्टेंबर १९२०ला ग्रँड ज्युरीसमोर (खटला भरायचा का ते ठरवणाऱ्या नागरिकांसमोर) जॅक्सनने शपथेवर सांगितलं, की कबूल २०,००० डॉलर झाले होते, हातात ५,००० आले, विल्यम्सने आणून दिले. आपण जिंकण्यासाठीच खेळलो, हेही त्याच साक्षीत आहे. त्या मालिकेत जिंकणाऱ्या खेळाडूचा वाटा सुमारे ५,२०७ डॉलर होता, हरणाऱ्याचा ३,२५४. पाकीट ठेवून घेतलेल्या माणसाला हरून ८,२५४ मिळाले. पुढचं त्याने चेंडू नीट मारला की नाही, हा दुय्यम प्रश्न आहे.

आणि १९२४. थकलेल्या पगारासाठी त्याने मिलवॉकीला क्लबवर दावा लावला. ज्युरीने त्याच्या बाजूने १६,७११ डॉलरचा निकाल दिला. न्यायाधीशांनी तो फिरवला, कारण तिथली साक्ष १९२०च्या जबानीशी जुळत नव्हती. शपथेवर दोन वेगवेगळ्या गोष्टी सांगणाऱ्याच्या कुठल्या वाक्यावर समितीने विश्वास ठेवायचा?

दुसरी पाळी

शिकागोचे मालक कोमिस्की यांच्याबद्दल कुणीच काही बोलत नाही? उपाशी ठेवलेल्या माणसांनी हात पसरले. जॅक्सनला वर्षाला ६,००० डॉलर मिळत होते.

साक्षीपुरावा

@दुसरी पाळी, ही दंतकथा आता सोडून द्यायला हवी. कॉलिन्सला तोच मालक १५,००० देत होता, आणि शिकागोचा एकूण पगारखर्च त्या काळी लीगमध्ये वरच्या फळीत होता. खरा अन्याय रिझर्व्ह क्लॉजचा. करार संपला तरी खेळाडूला दुसऱ्या क्लबकडे जाता येत नसे, म्हणून भाव करायची ताकदच नव्हती. पण तो सगळ्याच क्लबांतल्या सगळ्यांना लागू होता. कटाबाहेर राहिलेले कॉलिन्स, शाल्क आणि डिकी कर यांनाही. करने तर तिसरा सामना ३-० जिंकून दिला.

थर्ड बेस

तुमचा सगळा वाद जॅक्सनभोवती फिरतोय, मला आठांपैकीच एक, बक वीव्हरबद्दल बोलायचंय. ११ हिट, .३२४. त्याने एक डॉलरही घेतला नाही. बैठकांना हजर होता आणि तोंड उघडलं नाही, एवढाच त्याचा गुन्हा. २ ऑगस्ट १९२१ला शिकागोच्या ज्युरीने सगळ्यांना निर्दोष सोडलं, दुसऱ्याच दिवशी लँडिसनी बंदी घातली.

लेफ्ट फील्ड

ज्युरीच्या निकालाला इथे फार किंमत देता येत नाही. इलिनॉयमध्ये सामना सोडणं हा तेव्हा गुन्हाच नव्हता. खटला कट करून फसवणूक केल्याचा होता, आणि लोकांना फसवण्याचा हेतू सिद्ध व्हायला हवा, असं न्यायाधीशांनी ज्युरीला बजावलं होतं. कोर्टाचं माप वेगळं, खेळाचं वेगळं. आपल्याकडे २०१३च्या आयपीएल प्रकरणात दिल्लीच्या न्यायालयाने २०१५मध्ये खेळाडूंना आरोपमुक्त केलं, तरी क्रिकेट मंडळाने बंदी लगेच उठवली नव्हती.

वीव्हरबद्दल मात्र माझंही मन दुखतं. लँडिसच्या निवेदनात तीन कलमं होती: सामना सोडणारा, सोडायचं कबूल करणारा, आणि अशा बैठकीत बसून क्लबला न सांगणारा. तिसरं कलम नेमकं वीव्हरवर बसतं. कठोर आहे, पण ते नसतं तर पुढच्या प्रत्येक ड्रेसिंग रूममध्ये ‘मला काय करायचंय’ म्हणणारे दहा जण बसले असते. बेसबॉलच्या आजच्या नियम २१मध्येही न कळवणाऱ्याला कायमची अपात्रताच आहे.

थर्ड बेस

कलम मान्य. पण पैसे घेणारा आणि न घेणारा यांना एकच शिक्षा, हे मान्य नाही. वर्षभराची बंदी पुरली असती. आता यादीतून नाव निघूनही त्याला फायदा नाही, कारण हॉल ऑफ फेमसाठी दहा हंगाम लागतात आणि वीव्हरचे १९१२ ते १९२० असे नऊच भरतात. दहावा हंगाम त्याच बंदीने हिरावला. अ‍ॅडी जॉस या पिचरचेही नऊच होते. तो १९११मध्ये वारला, आणि त्याच्यासाठी नियम शिथिल करून १९७८मध्ये त्याला आत घेतलं. जॅक्सनसाठी मतं मागणाऱ्यांनी आधी वीव्हरसाठी ही एक सवलत मागावी.