शोधनिबंधाची भाषा एआयकडून सुधारून घेतली, तर तसे नमूद करावे का?

प्रश्न
नमस्कार. मी सूक्ष्मजीवशास्त्रात पीएच.डी. करत आहे. शालेय शिक्षण मराठी माध्यमातून झाल्यामुळे इंग्रजी लिहिताना अडखळते, म्हणून पहिल्या शोधनिबंधातील प्रस्तावना आणि चर्चा हे दोन भाग चॅटजीपीटीकडून सुधारून घेतले. प्रयोग, आकडे आणि निष्कर्ष माझेच आहेत. ‘हे लिहिलेस तर निबंध न वाचताच परत येईल’, असे प्रयोगशाळेतील वरिष्ठ सांगतात. नियम नेमका काय आहे?

उत्तर १
वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने मे २०२३ मध्ये तो स्पष्ट केला आहे. मजकुराच्या अचूकतेची जबाबदारी एआय घेऊ शकत नसल्याने त्याला लेखक म्हणून दाखवता येत नाही. वापर केला असल्यास मात्र तो संपादकांना पाठवायच्या पत्रात आणि निबंधातही सांगावा लागतो. लेखनासाठी मदत घेतली असेल तर ऋणनिर्देशात, विश्लेषणासाठी किंवा आकृत्यांसाठी घेतली असेल तर कार्यपद्धतीच्या भागात. काही प्रकाशक निव्वळ व्याकरण-दुरुस्तीला यातून सूट देतात, म्हणून संबंधित नियतकालिकाच्या लेखकांसाठीच्या सूचना आधी वाचाव्यात. परिच्छेदच्या परिच्छेद नव्याने लिहून घेतले असतील, तर त्या सुटीचा आधार घेऊ नये.

उत्तर २
वरील उत्तर योग्यच आहे, पण नोंद केली की सुटलो, असे होत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘फ्रंटियर्स इन सेल अँड डेव्हलपमेंटल बायॉलॉजी’त अवाढव्य जननेंद्रियाच्या उंदराची, निरर्थक अक्षरांची नावे दिलेली आकृती छापून आली. मिडजर्नी हे चित्रे बनवणारे एआय साधन वापरल्याचे लेखकांनी निबंधात प्रामाणिकपणे लिहिले होते. एका समीक्षकाने आकृत्यांवर आक्षेप घेऊनही ती तशीच छापली गेली (कशी, देव जाणे!) आणि काही दिवसांतच निबंध मागे घ्यावा लागला.

तुमच्या बाबतीत खरा धोका चर्चेच्या भागात आहे. ‘संबंध असू शकतो’ हे विधान सफाईदार करता करता ‘कारणीभूत आहे’ असे होऊन बसते, आणि तेवढ्याने निष्कर्ष बदलतो. यंत्राने एखादा संदर्भ सुचवला असेल तर त्याचा डीओआय (प्रत्येक निबंधाला मिळणारा कायमस्वरूपी ऑनलाइन ओळखक्रमांक) उघडून निबंध स्वतः वाचा. लेखक खरे, नियतकालिक खरे, पण तसा निबंधच नाही, असे सर्रास आढळते.

उत्तर ३
ताई, वरिष्ठांची भीती अगदीच निराधार म्हणता येणार नाही. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्ये दाखवून दिले की, इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी स्वतः लिहिलेले निबंधही एआय ओळखणारी साधने वारंवार यंत्राच्या नावावर टाकतात. म्हणजे गप्प राहूनही संशय टळेलच असे नाही, आणि मग खुलासा करणे अधिक अवघड जाते. सुधारणेपूर्वीचा मसुदा तारखेसह जपून ठेवा, सर्व सहलेखकांची संमती घ्या आणि ऋणनिर्देशात साधनाचे नाव, आवृत्ती व कोणत्या भागासाठी वापरले एवढे एका वाक्यात लिहा.