वंशद्वेषातून वारंवार मारहाण करणाऱ्याला जामीन कोणत्या हिशेबाने मिळतो?

मीनल, कालिना
माझ्या पार्लरमध्ये मणिपूर-नागालँडकडच्या मुली कामाला आहेत. गेल्या पावसाळ्यात त्यातली एक रात्री घरी जात होती. नाक्यावरच्या एकाने तिला 'चिंकी' म्हणून हाक मारली. तिने उलट उत्तर दिलं, तर केस धरून डोकं भिंतीवर आपटलं. भुवईवर टाके पडले. याच माणसाने आधी शेजारच्या गल्लीतल्या मिझो मुलालाही असंच मारलं होतं, तीही केस चालू आहे. तरी दुसऱ्या दिवशी जामीन! आम्हाला कुणी कळवलंसुद्धा नाही. आम्हाला समजलं ते तो समोरच्या पानटपरीवर येऊन उभा राहिला तेव्हा. पोरीने शटर अर्धं खाली ओढलं आणि आतून मला फोन लावला. महिना संपायच्या आत ती उखरूलला घरी निघून गेली. आता साक्ष द्यायला कोण येणार?

माझं म्हणणं एवढंच: जो चेहरा बघून माणसं निवडतो आणि पुन्हा पुन्हा मारतो, त्याला पहिल्यांदा भांडणात सापडलेल्या पोराच्या रांगेत बसवू नका.

किल्लाकोर्ट
मीनलताई, त्या मुलीवर जे गुजरलं ते भयंकर आहे. तरीही मी विरोधी बाजूने बोलणार. दोन केस चालू असणं म्हणजे दोनदा शिक्षा होणं नव्हे. नागरिक सुरक्षा संहितेचं (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम 480 हाच फरक करतं: आधी गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेल्याला मॅजिस्ट्रेटकडून जामीन अवघड होतो, नुसत्या आरोपीला नाही. प्रभाकर तिवारी प्रकरणात 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट म्हटलं की अनेक गुन्हे दाखल आहेत एवढ्यावरून जामीन नाकारता येत नाही. देशातल्या तुरुंगांत चारातले तीन कैदी कच्चे, म्हणजे खटला अजून संपायचा आहे असे आहेत. आर्थर रोडला माणसं कुशीवर झोपतात. त्यातल्या किती जणांवरचा आरोप टिकणार आहे?

सुहास, ठाणे
वकीलसाहेब, निवाडे दोन्ही बाजूंचे आहेत. नीरू यादव प्रकरणात हायकोर्टाने आरोपीची जुनी गुन्हेगारी बघितलीच नाही म्हणून सर्वोच्च न्यायालयाने जामीन रद्द केला होता. म्हणजे पूर्वेतिहास बघायचाच असतो.

न बघितल्यावर काय होतं ते न्यूयॉर्कला दिसलं. डिसेंबर 2019 मध्ये ब्रुकलिनमध्ये एका बाईने तीन ज्यू स्त्रियांना थोबाडीत मारल्या. रक्कम न भरता सुटली आणि लगेच दुसऱ्या कुणाला मारलं म्हणून पुन्हा अटक झाली. तिथल्या राज्याच्या कायद्यात आरोपी लोकांना किती धोकादायक आहे हे जामीन ठरवताना न्यायाधीशाने बघायचंच नाही, अशी पद्धत. मार्च 2021 मध्ये टाइम्स स्क्वेअरजवळ 65 वर्षांच्या फिलिपिनो बाईंना लाथांनी तुडवणारा तर आईच्या खुनात शिक्षा झालेला होता.

किल्लाकोर्ट
सुहासराव, तो दुसरा माणूस पॅरोलवर होता. शिक्षा भोगून मग सुटलेला. जामिनाच्या वादात तो येत नाही. दोन्ही एकत्र केलं की प्रत्येक जामीन म्हणजे खुनी मोकाट, असं चित्र तयार होतं.

शैला, गोवंडी
मी सिग्नलवर गजरे विकणाऱ्या पारधी कुटुंबांत काम करते. 'सराईत' हा शेरा कोणाच्या कपाळावर आधी बसतो ते मला विचारा. 1871 च्या कायद्याने अख्ख्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. कायदा 1952 मध्ये गेला, पण पोलीस ठाण्यातल्या वहीतून आडनावं गेली नाहीत. कुठे चोरी झाली की वस्तीवरची पोरं उचलायची. आधीच्या चॅप्टर केस (पोलिसांनी खबरदारी म्हणून केलेल्या प्रतिबंधक कारवाया) दाखवून म्हणायचं, पूर्वेतिहास आहे, जामीन नको. त्या केसही अशाच उचलून केलेल्या! एका बाळंतिणीचा नवरा जामीनदार मिळाला नाही म्हणून आत राहिला. तिने रोज लोकलने येऊन कोर्टाच्या पायऱ्यांवर बसायचं, पदराखाली मूल. मीनलताई, तुमचा नियम उद्या आला तर पहिला त्या नवऱ्यावर चालेल. तुमच्या नाक्यावरचा माणूस चांगला वकील देईल आणि सुटेल.

मीनल, कालिना
शैलाताई, वाचून पोटात कालवलं. पण मी केसची संख्या मोजा म्हणतच नाहीये. मार खाल्लेला कोण होता ते बघा, शिवी कोणती दिली ते बघा, आधीच्या तक्रारीतही तीच शिवी आहे का बघा. पारध्याच्या पोराला त्याच्या जातीमुळे उचलतात आणि माझ्या पोरीला तिच्या डोळ्यांमुळे मारलं. मला ही दोन्ही दुखणी एकाच बाजूची वाटतात.

शैला, गोवंडी
दुखणं एका बाजूचं आहे, मान्य. पण आधीच्या तक्रारीत काय लिहिलंय ते शेवटी पोलीसच लिहितात ना? तिथेच माझा विश्वास बसत नाही.

निवृत्त हवालदार
तीस वर्षं ठाण्यात काढली म्हणून लिहितो. तुम्ही सगळे न्यायाधीशावर भांडताय, पण अशा बहुतेक प्रकरणांत जामिनावर विचार होतच नाही. साधी मारहाण म्हणजे नुसती एनसी, अदखलपात्र नोंद. शिवीगाळ, धमकी ही कलमं धरली तरी जामीनपात्र, तिथे जामीन हा आरोपीचा हक्कच आहे. जातमुचलका लिहून घेतला की माणूस घरी. न्याय संहितेत (जुन्या आयपीसीच्या जागी आलेला कायदा) वंश, जन्मस्थान, भाषा यांवरून खून किंवा गंभीर दुखापत केल्याची वेगळी शिक्षा आहे, पण त्यासाठी मारणारे पाच किंवा जास्त लागतात. एकट्याने मारलं तर वंशाचा उल्लेखही कागदावर येत नाही. 2014 मध्ये दिल्लीत लाजपतनगरला अरुणाचलच्या निडो तानिया या विद्यार्थ्याचा मारहाणीत जीव गेला, त्यानंतर बेझबरुआ समितीने यासाठी स्वतंत्र कलमं सुचवली होती. नवा कायदा करतानाही ती घेतली नाहीत.

मीनलताई, मुलगी उखरूलची म्हणजे तांगखुल नागा असणार. तिकडे ती अनुसूचित जमातीत येते. तसं असेल तर ॲट्रॉसिटी लागायला हवी होती. 'तुमची जमात महाराष्ट्राच्या यादीत नाही' असं सांगून परत पाठवतात, पण मुंबई हायकोर्टाच्या पूर्णपीठाने 2023 मध्ये तो मुद्दा निकाली काढलाय. कायद्याचं संरक्षण देशात कुठेही मिळतं. त्यात अटकपूर्व जामीन नाही, तपास एसीपीकडे जातो आणि कलम 15अ प्रमाणे जामिनाच्या सुनावणीआधी पीडितेला कळवावंच लागतं. मुलगी मैतेई असती तर मात्र हा रस्ता बंद, कारण मैतेई अनुसूचित जमातीत येत नाहीत.

किल्लाकोर्ट
हवालदारसाहेबांचं बरोबर आहे. 15अ ची नोटीस टाळता येत नाही, हरिराम भांभी निकालात 2021 मध्ये ते पक्कं झालं. फक्त एक लक्षात ठेवा, ॲट्रॉसिटीतही नेहमीचा जामीन मिळू शकतो. मी त्या सुनावणीत आरोपीतर्फे उभा राहिलो तर जामीन मागेनच. पण मुलगी समोर असेल तर कोर्ट अटी घालेल: कालिन्यात पाऊल टाकायचं नाही, साक्षीदाराच्या आसपास फिरकायचं नाही. अट मोडली तर जामीन रद्द करायचा अर्ज.

मीनल, कालिना
आणि तो अर्ज कुणी करायचा? टपरीवर उभ्या माणसाचा फोटो काढायचा, ठाण्यात जायचं, सरकारी वकिलाच्या मागे लागायचं, तारखेला दुकान बंद ठेवायचं. सगळी धावपळ मार खाल्लेल्यानेच का? अट मोडली की नाही हे बघणं पोलिसांचं काम असायला हवं, आणि आधीची तशीच केस असेल तर पहिल्या दिवसापासून.

सुहास, ठाणे
याच कारणासाठी माझं मत बदललेलं नाही. सारख्याच प्रकारची दुसरी केस आली तर निदान मुलीचा जबाब मॅजिस्ट्रेटसमोर होईपर्यंत तरी त्याला आत ठेवा.

शैला, गोवंडी
जबाब किती दिवसांत व्हायलाच हवा, हे आधी कायद्यात लिहा. नाहीतर आत ठेवलेला माणूस वर्षभर आतच राहतो. मुदत असेल तर मी सुहासरावांच्या बाजूने यायला तयार आहे, मुदत नसेल तर नाही.

किल्लाकोर्ट
मुदतीला माझाही पाठिंबा. आत ठेवायला नाही. मीनलताई, एफआयआरची प्रत असेल तर कलमं तेवढी इथे लिहा. दोषारोपपत्र गेलं नसेल तर ॲट्रॉसिटीचं कलम अजून वाढवता येतं.

मीनल, कालिना
प्रत दुकानात आहे. जमातीचा दाखला तिच्या वडिलांकडे. संध्याकाळी फोन करते त्यांना.