मदत हवी आहे: बाहेरची बायोप्सी घेऊन टाटाच्या खारघर केंद्रात थेट नोंदणी होते का?

वडील, वय 63, राहणार ऐरोली. जिभेच्या उजव्या कडेला महिना उलटला तरी न भरणारी जखम. दातांच्या डॉक्टरांनी टोकदार दाढ घासून मलम दिलं, फरक पडला नाही. मग ईएनटीकडे बायोप्सी: स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे कॅन्सरच. मानेचा एमआरआय झालाय, छातीचा सीटी बाकी. शुगर आहे, गोळ्यांवर. तंबाखू सोडलीय, निदान आमच्यासमोर तरी.

लॅबकडून स्लाइड्स आणि पॅराफिन ब्लॉक (बायोप्सीचा मेणात जपलेला तुकडा) दोन्ही आणलेत. ब्लॉक द्यायला कुरकुर चालली होती, शेवटी वहीत सही घेऊन दिला. नुसत्या रिपोर्टवर भागत नाही म्हणतात. विमा नाही, केशरी रेशनकार्ड आहे.

परळच्या टाटा हॉस्पिटलची गर्दी त्यांना झेपणार नाही. गिळताना दुखतं, त्यामुळे खाणं पेज-खिमटीवर आलंय. खारघर ठाणे-पनवेल लोकलने सरळ पडतं. घरगुती उपाय कृपया नकोत.

टाटाच्या खारघर केंद्रात (अ‍ॅक्ट्रेक) तोंडाच्या कॅन्सरची नवी नोंदणी थेट करतात, की आधी परळलाच जावं लागतं? आणि जन आरोग्य योजनेचे कागद नोंदणीच्या वेळीच द्यायचे, की ऑपरेशन ठरल्यावर?