ओपनमध्ये पैसे खेळाडूवर लावायचे की त्याच्या टी-टाइमवर?

लिंक्सवेडा

जुलै २०२६ मधली ओपन, म्हणजे ब्रिटिश ओपन ही गोल्फ स्पर्धा, इंग्लंडमधील साउथपोर्टच्या रॉयल बर्कडेल मैदानावर आहे. मी दर वर्षी दोन-तीन खेळाडूंवर थोडे पौंड लावतो. कमाई व्हावी ही अपेक्षा नसते, पण पैसे लागलेले असले की चारही दिवस खेळ डोळ्यांत तेल घालून पाहिला जातो. यंदा मात्र निर्णय होत नाही.

स्कॉटी शेफलरने २०२५ मध्ये रॉयल पोर्टरशवर चार फटक्यांच्या आघाडीने ओपन जिंकली. २०२२ ते २०२५ या चार वर्षांत झालेल्या सोळा मेजर (वर्षातल्या चार सर्वांत मोठ्या) स्पर्धांपैकी चार त्याच्या नावावर आहेत, म्हणजे दर चार मेजरमागे एक. हे प्रमाण खरे मानले तर ४/१ (एका पौंडावर चार पौंड नफा) हा भावसुद्धा स्वस्तच म्हणावा लागेल. पण ओपनच्या विजेत्यांत २००३ चा बेन कर्टिस आहे, ज्याची ती पहिलीच मेजर होती, आणि २००४ मध्ये एर्नी एल्सला प्लेऑफमध्ये (बरोबरी सोडवणाऱ्या जादा खेळात) हरवणारा टॉड हॅमिल्टनही आहे. अशा नावांकडे पाहिले की सगळी रक्कम एका हुकमी एक्क्यावर लावण्याऐवजी चार-पाच दूरच्या खेळाडूंवर ईच-वे (अर्धी विजयावर, अर्धी पहिल्या काही जागांत येण्यावर) विभागावी असे वाटू लागते. जाणकारांनी दोन गोष्टी सांगाव्यात: एकच मोठे नाव घ्यावे की अनेक छोटी, आणि पैसे आताच लावावेत की टी-टाइम (प्रत्येकाची खेळ सुरू करण्याची वेळ) जाहीर झाल्यावर?

वाऱ्याची_दिशा

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण माझ्या मते पहिल्याचे उत्तर त्यातच आहे. टी-टाइम जाहीर होईपर्यंत थांबावे. त्याआधी लावलेला पैसा म्हणजे पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल.

ओपनमध्ये १५६ खेळाडू असतात आणि पहिले दोन दिवस ते सगळे एकाच, म्हणजे पहिल्या होलच्या टीवरून (पहिला फटका मारण्याच्या जागेवरून) सुरुवात करतात. अमेरिकेतील यूएस ओपन आणि पीजीए या स्पर्धांत पहिल्या आणि दहाव्या अशा दोन्ही टींवरून खेळ सुरू होतो, त्यामुळे सगळे तुलनेने लवकर आटोपतात. ओपनमध्ये पहिली तुकडी सकाळी साडेसहाच्या सुमारास निघते आणि शेवटची तुकडी दुपारी चारच्या आसपास. गुरुवारी सकाळी खेळलेला शुक्रवारी दुपारी खेळतो आणि गुरुवारी दुपारी खेळलेला शुक्रवारी सकाळी. समुद्रकाठच्या मैदानावर एवढ्या वेळात वारा दोनदा बदलू शकतो, आणि मग कागदावर एकच असलेली स्पर्धा प्रत्यक्षात दोन निराळ्या स्पर्धा होऊन बसते.

सेंट अँड्र्यूज, २०१० आठवून पाहा. रोरी मॅकिलरॉयने गुरुवारी ६३ फटक्यांची फेरी खेळली. शुक्रवारी दुपारी असा वारा सुटला की खेळ तासभर थांबवावा लागला आणि त्याच मॅकिलरॉयला ८० फटके लागले. लुई उस्टहायझेन शुक्रवारी सकाळीच आपली फेरी उरकून बसला होता. पुढे त्याने ती ओपन सात फटक्यांनी जिंकली आणि मॅकिलरॉय त्याच्यापेक्षा आठ फटके मागे राहून संपला. उस्टहायझेन त्या आठवड्यात अप्रतिम खेळला, यात वाद नाही. पण बुधवारी रात्री हवामानाचा अंदाज आणि टी-टाइमची यादी शेजारी ठेवून बसलेल्या माणसाला निदान कोणती नावे खोडायची हे कळले असते.

आकडेमोड

लिंक्सवेडा यांच्या ‘सोळापैकी चार’ या आकड्यात एक गफलत आहे. मोजणीची सुरुवात त्यांनी ज्या वर्षी शेफलरने पहिली मेजर जिंकली, त्याच वर्षापासून केली आहे. त्याआधीही तो मेजर खेळत होता आणि जिंकत नव्हता. त्या स्पर्धा धरल्या की प्रमाण उतरते. शिवाय सोळा हा नमुनाच फार लहान आहे: दोन विजय इकडचे तिकडे झाले असते तर आपण आज आठात एक असे म्हणत असतो आणि मग ४/१ हा भाव महाग वाटला असता. ४/१ म्हणजे बुकमेकर (पैजा घेणारी कंपनी) त्या खेळाडूला वीस टक्के संधी देतो. १५६ जणांच्या स्पर्धेत, वाऱ्याचा हा जुगार गृहीत धरून, वीस टक्के ही फार मोठी मान्यता आहे.

मात्र दूरच्या नावांत मोठा फायदा दडला आहे, हेही खरे नाही. सर्व खेळाडूंच्या भावांतून निघणाऱ्या टक्क्यांची बेरीज करून पाहा. ती शंभराच्या बरीच पुढे जाते आणि तो फरक बुकमेकरच्या खिशात जातो. यादीच्या तळाशी असलेल्या नावांत हा फरक सर्वांत जास्त दडलेला असतो, कारण खरी संधी हजारात एक असलेल्या खेळाडूला ३००/१ चा भाव दिला तरी ग्राहकाला तो उदारपणा वाटतो.

ईच-वे लावणार असाल तर डेड-हीटचा (बरोबरी झाल्यास पैजेचे पैसे विभागण्याचा) नियम आधी वाचा. मी तो पैसे गमावून शिकलो. ५०/१ च्या एका खेळाडूवर मी पाच पौंड ईच-वे लावले होते, म्हणजे एकूण दहा: पाच विजयावर आणि पाच पहिल्या आठांत येण्यावर, आठांतल्या जागेसाठी भावाच्या एक पंचमांश दराने. तो संयुक्त सातवा आला. मी मनात हिशेब मांडला की १०/१ प्रमाणे पन्नास पौंड आणि मूळचे पाच, एकूण पंचावन्न. खात्यात बावीस आले. सातव्या क्रमांकावर पाच जण होते आणि जागा उरल्या होत्या दोन, म्हणून माझ्या पाच पौंडांचे दोन पंचमांश, म्हणजे फक्त दोन पौंड जिंकले असे धरले गेले. कंपनीला मी बराच तावातावाने मेल लिहिला. उत्तरात त्यांनी नियमाचे कलम जसेच्या तसे पाठवले आणि ते बरोबर होते. गोल्फमध्ये सातव्या-आठव्या क्रमांकावर अशी गर्दी नेहमीच होते, त्यामुळे ‘आठ जागा’ ही जाहिरात दिसते तेवढी मोठी नसते.

सतरावा_होल

सेंट अँड्र्यूजचा दाखला योग्य आहे, पण ओपनची सगळी मैदाने एका माळेचे मणी नाहीत. बर्कडेलवर आतापर्यंत झालेल्या दहा ओपनचे विजेते पाहा: पीटर थॉमसन दोनदा, मग पामर, ट्रेव्हिनो, मिलर, वॉटसन, बेकर-फिंच, ओमीरा, हॅरिंग्टन आणि स्पीथ. या नऊ जणांपैकी एकट्या बेकर-फिंचच्या नावावर एकच मेजर आहे. बाकी आठही जणांनी एकाहून अधिक मेजर जिंकल्या आहेत. हा योगायोग नसावा. इथले फेअरवे (टीपासून होलकडे जाणारे कापलेल्या गवताचे पट्टे) वाळूच्या उंच टेकड्यांच्या मधून, बऱ्यापैकी सपाट जमिनीवरून जातात, त्यामुळे चांगला मारलेला चेंडू उंचवट्यावर आपटून भलतीकडे उडण्याचे प्रकार कमी होतात. कर्टिस आणि हॅमिल्टन अनुक्रमे सँडविच आणि ट्रूनच्या मैदानांवर जिंकले. बर्कडेलने असा धक्का क्वचितच दिला आहे.

वारा तिथेही आहेच. २००८ मध्ये हॅरिंग्टन २८३ फटक्यांत, पारपेक्षा (मैदानासाठी ठरवलेल्या फटक्यांपेक्षा) तीन जास्त घेऊन जिंकला. २०१७ मध्ये स्पीथने त्याच मैदानावर २६८ केले. पंधरा फटक्यांचा हा फरक हवामानाचा आहे. पण दोन्ही वेळा वर आला तो आधीच मेजर जिंकलेला माणूस.

आणि टी-टाइम जाहीर होईपर्यंत थांबण्याने सगळे कळते असेही नाही. २०१७ च्या रविवारी तेराव्या होलवर स्पीथचा चेंडू उजवीकडे टेकडीच्या गवतात गेला, त्याने तो अनप्लेएबल (खेळता न येण्याजोगा) ठरवला आणि सरावाच्या मैदानावर, उपकरणांच्या ट्रकच्या शेजारी उभे राहून पुढचा फटका मारला. अंतर किती हे ठरवण्यातच बराच वेळ गेला. त्याच्याबरोबर खेळणारा बिचारा मॅट कुचर फेअरवेवर ताटकळत होता. तो होल बोगीत (पारपेक्षा एक फटका जास्त) संपला आणि कुचर एका फटक्याने पुढे गेला. त्या क्षणी स्पीथवर लावलेले पैसे बुडीत खाती टाकायला कोणीही तयार झाला असता. त्याने पुढच्या चार होलवर बर्डी, ईगल, बर्डी, बर्डी (बर्डी म्हणजे पारपेक्षा एक फटका कमी, ईगल म्हणजे दोन कमी) केली आणि तीन फटक्यांनी ओपन जिंकली. हे कोणत्या टी-टाइमच्या यादीत दिसणार होते?

वाऱ्याची_दिशा

बर्कडेलच्या विजेत्यांची यादी मी या दृष्टीने कधी पाहिली नव्हती, ती मान्य. माझा मुद्दा मात्र विजेता ओळखण्याचा नसून नावे खोडण्याचा आहे, आणि तो बर्कडेललाही लागू पडतो. एक कबुली द्यायला हवी: टी-टाइम आणि हवामान बुकमेकरलाही दिसते, त्यामुळे अंदाज स्पष्ट असेल तर भाव तासाभरात बदललेले असतात. थांबण्याचा फायदा होतो तो अंदाज धूसर असताना.

लिंक्सवेडा

सर्वांचे आभार. आकडेमोड यांनी शेफलरबद्दलचे माझे गणित मोडीत काढले ते बरेच झाले, कारण त्यावर मी मोठी रक्कम लावणार होतो. आता तीनशेला एकची नावे यादीतून काढली आहेत आणि आधी मेजर जिंकलेले चार खेळाडू ठेवले आहेत. बुधवारी संध्याकाळी टी-टाइम पाहून त्यांतले दोन खोडेन आणि उरलेल्या दोघांवर केवळ विजयाचे पैसे लावेन. ईच-वे यंदा नाही. सातव्या क्रमांकावर पाच जण उभे आहेत हे चित्र आता डोळ्यांसमोरून जात नाही.